मंगळसूत्रांचं कपाट

कराडजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले, तेव्हा माझं काम नेमकं काय आहे ते माझ्या आईला बरेच दिवस कळलं नव्हतं. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या शेजारणींना ती सांगायची, "लोकांनी हेल्मेट घातलंय का ते बघते." तसं ते फार चुकीचंही नव्हतं. माझ्या दारावरच्या पाटीवर पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा असे तिन्ही शब्द होते. हळदीचं पिवळं पाणी शुद्ध झाल्याशिवाय ओढ्यात जात नाही ना, चटणीच्या धुळीनं कुणाला दम्याचा त्रास होत नाही ना, आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत ना, हे सगळं माझ्याकडे होतं. मी कराडलगतच्या मलकापुरात एक खोली भाड्यानं घेतली होती. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं आणि संध्याकाळी केसांत, रुमालात, पर्समध्ये मिरची घेऊन परत यायचं. घरमालकीण मला पाहिलं की आधी शिंकायची आणि मग हसायची.

पॅकिंग विभागात सगळ्या बायका होत्या. त्यांच्यात वयानं मोठ्या असलेल्या एकीला सगळा कारखाना काकू म्हणायचा, म्हणून मीही काकूच म्हणू लागले. पाटण रस्त्यावरच्या एका गावातून त्या यायच्या. घरी उसाची शेती होती, नवरा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला. काकूंना कामाची गरज होती असं नाही. "घरात बसून काय करू, त्यांचं तोंड बगत?" असं त्या म्हणायच्या. नवऱ्याची अर्धी नोकरी सीमेवर गेली होती आणि तो कायमचा घरी आला तेव्हा काकूंना त्याची सवयच राहिली नव्हती, असं त्याच एकदा हसत म्हणाल्या होत्या.

काकू पहिल्या आठवड्यातच माझ्या बाजूच्या झाल्या. मी मेसचा डबा उघडला की त्या माझ्यासमोर भाकरी आणि खर्डा ठेवायच्या. "एवढं बारीक राहून तुमी कुनाला वाचवनार?" असं विचारायच्या. तोंडावरचा मास्क कुणी हनुवटीवर ओढलेला दिसला, की माझ्याआधी त्यांचा आवाज यायचा. "नाक तिथं हाय व्हय गं तुजं?" केसांवर टोपी, हातमोजे, बांगड्या घरी, हे सगळं त्यांनी सगळ्यांना लावून दिलं होतं. बांगड्यांचा प्रश्न माझ्या आधीच मिटला होता, कारण काचेचा तुकडा मसाल्यात गेला तर काय होईल हे प्रत्येकीला पटत होतं.

राहिलं होतं ते मंगळसूत्र.

पॅकिंगच्या मशीनखालून एक पट्टा फिरायचा. भरलेले पुडे त्यावरून पुढं सरकायचे आणि टोकाला एक रोलर होता. रोलरवर लोखंडी जाळी बसवलेली असे. तरीही वाकताना ॲप्रनमधून बाहेर लोंबणारी मंगळसूत्रं पाहून मी तिथंच रेंगाळायची. एके दिवशी सकाळी, शिफ्ट सुरू होण्याआधी आम्ही उभ्या उभ्या बोलायचो तेव्हा, मी विषय काढला. मशीनवर काम करताना गळ्यात काही नको, मंगळसूत्रसुद्धा नको, असं सांगितलं.

काकूंनी विचारलं, "मॅडम, तुमचं लगीन झालंय?"

"नाही अजून."

"मग ऱ्हाऊ द्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. लहान पोराला चुलीपासून लांब बस म्हणावं तसं त्या म्हणाल्या. पण मला वाईट वाटलं असावं असं वाटून की काय, त्यांनी पुढं सांगितलं. "माजा मानूस बर्फात हुता तवा महिना महिना फोन न्हाई यायचा. एक दीस गळ्यातनं काढलं न्हाई मी. बाळंतपनात न्हाई. पिशवीचं आपरेशन झालं तवा नर्सनं मागितलं, तर म्हनलं वरनं चिकटपट्टी लावा, पन काढनार न्हाई. आनि आता चटनीच्या पुड्यासाठी काढू?"

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. फक्त एकजण गप्प राहिली. पुड्यांची तोंडं बंद करणाऱ्या मशीनवर ती काम करायची, माहेर पाटणचं, म्हणून सगळ्या तिला पाटणची म्हणत. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी आजारानं गेला होता. तिच्या मोकळ्या गळ्याकडे माझं लक्ष गेलं आणि आपण हा विषय असा सगळ्यांसमोर काढायला नको होता की काय, असं मला वाटून गेलं. ती मात्र हातमोजे घालण्यात गुंतली होती.

मी मॅनेजर साहेबांकडे गेले. ते सांगलीचेच. माझ्या कॉलेजच्या गल्लीत त्यांचं घर होतं, म्हणून माझ्याशी जरा मोकळेपणानं बोलायचे. "मंगळसूत्राला हात घालू नका," ते म्हणाले. "दिवाळीचा माल काढायचाय. आत खोचायला सांगा, वरून ॲप्रन बांधायला सांगा. ताणू नका." नियम तर नियमावलीत होताच, पण तो कुणी पाळत नव्हतं आणि पाळायला लावतही नव्हतं. शेवटी आत खोचायचं, ॲप्रनची गाठ मानेपाशी घट्ट बांधायची, एवढ्यावर आमचं ठरलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन ॲप्रनची गाठ दाखवली. "बगा, गुदमरून मेले तर तुमच्यावर," असं म्हणून माझ्या गालाला हात लावून गेल्या.

दिवाळीच्या तोंडावर एके दुपारी ते घडलं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला आग विझवायची नळकांडी तपासत होते. पट्टा चालू होता, बायका भराभर पुडे रचत होत्या. जेवणाच्या सुट्टीत पट्ट्याची साफसफाई झाली होती. त्यासाठी फिटरनं रोलरवरची जाळी काढली होती, आणि तिचा एक नट सापडेना म्हणून ती भिंतीला टेकवून तो स्टोअरमध्ये नट आणायला गेला होता. तेवढ्यात कुणीतरी सुट्टी संपली म्हणून मशीन सुरू केलं होतं.

एक पुडा पट्ट्यावरून खाली घसरला. काकू तो उचलायला वाकल्या. ॲप्रनची गाठ सैल झाली होती की गरमीनं त्यांनीच सैल केली होती, कोण जाणे. मंगळसूत्र बाहेर आलं आणि रोलर आणि पट्ट्याच्या मधे गेलं.

ओरडणं असं मला ऐकूच आलं नाही. एकदम मशीनचा आवाज थांबला, एवढंच कळलं. मी वळून पाहिलं तर पाटणचीचा हात लाल बटणावर होता आणि ती बटणावरून हात काढायला तयार नव्हती, जणू हात काढला तर मशीन परत सुरू होईल. काकू गुडघ्यांवर बसल्या होत्या, मान रोलरला जवळजवळ टेकलेली. मशीन थांबता थांबता मंगळसूत्राचा सर तुटला होता. सगळीकडे काळे मणी उडाले होते.

मी पळत गेले. त्यांच्या मानेवर लाल वळ उठला होता, एका बाजूला कातडं सोललं होतं. श्वास नीट चालू होता, मान हलत होती. मी जखम धुतली, पट्टी लावली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांची एक मूठ घट्ट मिटलेली होती. आत मंगळसूत्राची एक वाटी होती. दुसरी रोलरमध्ये अडकली होती, ती परत आलेल्या फिटरनं पान्यानं काढली. चेपलेली. तो बिचारा पांढराफटक पडला होता आणि त्याच्या हातात अजून तो नट होता.

"काकू, दुखतंय का खूप?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, घरी काय सांगू?"

मागं बायका जमिनीवर बसून मणी वेचत होत्या. हळदीनं मणी पिवळे झाले होते आणि त्या पदराला पुसून पुसून एका भांड्यात टाकत होत्या. मंगळसूत्र वाढवलं असं म्हणतात आमच्याकडे, तुटलं असा शब्दही काढत नाहीत. त्या हॉलमध्ये त्या वेळी प्रत्येकीच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं.

फिटरबरोबर कंपनीच्या गाडीनं काकूंना मलकापुरातल्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्या वेळचा सगळा माल बाजूला काढायला सांगितला आणि मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब पाणी पीत होते. घाबरलेला माणूस पहिल्यांदा जे बोलतो तेच ते बोलले.

"कामगाराचा निष्काळजीपणा म्हणून रिपोर्ट करा. तुम्ही सांगितलं होतं की काढायला. ऐकलं नाही."

"साहेब, जाळी नव्हती."

"ते ठीक आहे, पण मंगळसूत्र नसतं तर..."

"जाळी असती तर मंगळसूत्रच काय, पदरसुद्धा आत गेला नसता. उद्या एखादीची बोटं जातील. बोटं काही घरी ठेवून येता येणार नाहीत."

"मग ते मेंटेनन्सवर येईल. तुमच्यावर येईल, माझ्यावर येईल."

"येऊ दे. साफसफाईनंतर जाळी बसली की नाही हे बघूनच मशीन सुरू करायचं, असा नियम आपल्याकडे नाहीच. तो आपण करायला हवा होता."

साहेबांनी टेबलावरची नियमावली पुढं ओढली. आम्ही दोघं बराच वेळ तिची पानं उलटत होतो. शेवटी दारात कुणीतरी खाकरलं. डॉक्टरांकडून परत आलेल्या काकू उभ्या होत्या, मानेला पट्टी, पदर गळ्याभोवती ओढून घेतलेला. डॉक्टर म्हणाले होते, वरवरची जखम आहे, भरून येईल. त्यांनी आमचं बोलणं किती ऐकलं होतं माहीत नाही.

"साएब," त्या म्हणाल्या, "जाळी नव्हती ती तुमची चूक. गाठ मी सैल केली, ती माजी. मॅडमनी सांगितलं हुतं. दोगांचं लिवा. माजं एकटीचं लिवलं तर मी सही करनार न्हाई, आनि तुमचं एकट्याचं लिवलं तरी बी न्हाई."

साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. माझ्या आठवणीत त्या केबिनमध्ये पॅकिंगमधलं कुणी खुर्चीवर बसल्याचं ते पहिलंच. रिपोर्ट तसाच लिहिला गेला.

काकूंच्या नवऱ्याला, म्हणजे हवालदारांना, फोन केला होता. ते येईपर्यंत काकू कँटीनमध्ये बसून राहिल्या. गाडीनं घरी सोडते म्हटलं तर नको म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ बसले, पाटणचीही येऊन बसली. तिनं काकूंसाठी चहा आणला होता, तो तसाच गार झाला.

हवालदार मोटारसायकलवरून आले. उंच, पांढऱ्या मिशा, चालताना पाठ अजून ताठ. काकू उठून उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आवं, वाढलं."

हवालदारांनी काकूंची हनुवटी बोटानं वर केली, पट्टीच्या कडेनं दिसणारा वळ पाहिला. मग म्हणाले, "मान हालतीया न्हवं?"

"हालतीया."

"मग झालं."

"झालं काय? सगळं मनी..."

"अगं, मनी तुटलं. मी तुटलो व्हय? हितं उभा हाय की तुज्यापुढं."

काकूंनी तेव्हा पहिल्यांदा डोळे पुसले. हवालदारांनी बाकावर बसून तोच गार चहा पिऊन टाकला. मी त्यांना काय झालं ते सांगितलं, जाळीचंही सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "आमच्यात पन ह्योच नियम हुता, मॅडम. मी गाड्या दुरुस्तीत हुतो. इंजनात हात घालायच्या आदी अंगठी खिशात. एकाचं बोट अंगठीसकट गेलेलं बगितलं मी. तवापास्नं उस्ताद सकाळच्याला सगळ्यांचं हात बगायचा."

काकूंनी हळूच मान वळवली. "कंची अंगठी?"

"आं?"

"कंची अंगठी काढायचा तुमी?"

"ही. लगनातली. दुसरी कंची हाय माज्याकडं."

"रोज काढायचा?"

"रोज. कामाला जाताना काढायची, सांजच्याला घालायची."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी मी हितं नर्सला चिकटपट्टी लावाय लावली, आनि तुमी तिकडं रोज खिशात घालून फिरत हुता. कवा सांगितलं न्हाई मला."

"ह्ये काय सांगायचं असतंय का?"

पाटणचीला हसू आवरलं नाही. मलाही आवरलं नाही. काकू मात्र हसल्या नाहीत. जाताना मोटारसायकलवर मागं बसल्या त्या मधे पिशवी ठेवून, आणि नवऱ्याचा खांदा सोडून मागची कडी धरून. हवालदारांनी माझ्याकडे बघून नुसते डोळे मिचकावले. पुढं किती दिवस अबोला चालला ते मला माहीत नाही. मंगळसूत्र कराडच्या सोनाराकडून गाठवून आणल्यावर तो सुटला, एवढं काकूंनी नंतर सांगितलं.

कामावर परत आल्या त्या दिवशी काकू थेट माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत. "काढतो आमी," म्हणाल्या. "सगळ्यांशी बोललेय मी. पन चपला ठेवतो त्या फळीवर ठेवनार न्हाई. त्याला नीट जागा पायजे. कपाट पायजे, कुलूप पायजे आनि प्रत्येकीची येगळी डबी पायजे."

साहेबांनी आधी कुरकूर केली. सोन्याची जबाबदारी कंपनी कशी घेणार, हरवलं तर काय. पण केबिनमधल्या त्या दिवसानंतर काकूंना नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत एक छोटं लोखंडी कपाट आलं, आत स्टीलच्या डब्या. बायकांनी कपाटात लाल कापड अंथरलं, कुणीतरी उदबत्ती लावायला निघालं तेव्हा मला आगीचा नियम सांगावा लागला.

मग किल्ली कुणाकडे ठेवायची असा प्रश्न आला. सगळ्यांना वाटलं काकूच ठेवतील. काकूंनी किल्ली घेतली आणि पाटणचीच्या हातात दिली.

एकजण दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, मंगळसूत्राचं कपाट हाय ते. तिच्याकडं कसं..."

"का? काय झालं तिच्याकडं दिलं तर?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी बटन कुनी दाबलं? तू पुडं मोजत हुतीस, मी बी आंधळ्यावानी वाकले. माजी मान हिनं राखली. आता माजं डोरलं हिच्याकडंच ऱ्हानार. ज्याला चालत न्हाई त्यानं आपली डबी घेऊन घरी ठेवावी."

कुणी डबी उचलली नाही. पाटणची किल्ली धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण ती एवढंच म्हणाली, "डब्यांवर नावं कुठल्या शाईनं लिहायची? पाण्यानं जाईल."

मी तिला पक्क्या शाईचा पेन आणून दिला. नावं लिहून झाल्यावर तिनं एक डबी बाजूला काढली. "ही माझी असू दे. रिकामी राहिली तरी चालेल." ती डबी रिकामी राहिली नाही. काकू रोज सकाळी तिच्यात गुळाचा खडा ठेवायच्या आणि सुट्टीत पाटणची तो तोंडात टाकायची. अन्न त्या खोलीत ठेवायचं नाही असाही एक नियम होता. त्याचा विषय मी कधी काढला नाही.

जाळीचा नियमही झाला. साफसफाईनंतर फिटर आणि मशीनवरची बाई, दोघांनी मिळून जाळी हलवून बघायची, मगच बटण. काकू तर हाताची घडी घालून उभ्याच राहायच्या. एकदा ऐन घाईत साहेब स्वतः येऊन "अजून सुरू का नाही?" म्हणाले, तेव्हा काकूंनी नुसतं रोलरकडे बोट दाखवलं. साहेबही मग शेजारी उभे राहिले, फिटरचं काम होईपर्यंत.

त्यानंतर काकूंचा मोर्चा पुरुषांकडे वळला. मसाला दळायच्या मशीनवरचे गडी हातात कडं, मनगटाला दोरे घालून असायचे आणि माझं ऐकून हसून सोडायचे. एके सकाळी काकू तिथं गेल्या आणि त्यांच्यातल्या सगळ्यात धिप्पाड गड्यासमोर उभ्या राहिल्या. "आमी मंगळसूत्र काढलं," त्या म्हणाल्या. "तुजं कडं निगंना व्हय रं?" दुपारपर्यंत सगळ्यांची मनगटं मोकळी होती. पोस्टर लावून, भाषणं देऊन जे मला जमलं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं, आणि मला त्याचा हेवा वाटायच्या ऐवजी आनंदच झाला.

पुढं मी सांगलीत दुसऱ्या कंपनीत लागले आणि विश्रामबागेत आईकडे राहायला आले. निरोपाच्या दिवशी काकूंनी खर्ड्याची बरणी दिली आणि पाटणचीनं स्वतः विणलेला रुमाल. काकूंनी गुडघे दुखतात म्हणून काम सोडलं, तरी फोन येतो. कपाट अजून चालू आहे, किल्ली पाटणचीकडेच आहे, नव्या पोरींना तीच सगळं समजावते, हे त्यांच्याकडूनच कळतं.

मागच्या फोनला त्या जरा चिडलेल्या होत्या. "मॅडम, तुमीच सांगा ह्यास्नी. उसावर औषध मारायला चाललंत, तोंडाला फडकं न्हाई, हातात मोजं न्हाई. पंप पाठीवर घेतला की निघालं. मी म्हनलं, फौजेत उस्ताद हुता, हितं मी हाय. बूट घालून, चष्मा लावून यायचं, न्हाईतर पंप मिळनार न्हाई. पंप मी खोलीत घालून कुलूप लावलंय."

मागून हवालदारांचा आवाज आला. "मॅडम, तो चष्मा घातला की मला काय दिसत न्हाई वो."

"पुसून घ्या की," काकू तिकडेच वळून म्हणाल्या आणि मग मला म्हणाल्या, "थांबा जरा, किल्ली देते. घातला त्यांनी."